मेंढरांनी दाखवलेली जागा

खडकवस्तीतल्या बालवाडीत कुणी विचारलं, "पोरांनो, ऊन कुठून येतं?" तर सगळी पोरं वर बोट दाखवायची. बोट सूर्याकडं नसायचं, डोक्यावरच्या पत्र्याकडं असायचं.

यात पोरांची काही चूक नव्हती. वच्छलाबाईंची बालवाडी ज्या खोलीत भरायची, तिचं छप्पर पत्र्याचं होतं आणि भिंतीही पत्र्याच्या. होळी पेटली की सकाळी दहा वाजता ती खोली भाकरीच्या तव्यासारखी तापायची. मग वच्छलाबाई दाराला कुलूप लावायच्या, ते मृग लागेपर्यंत.

बालवाडी बंद झाली तरी कारखाने थोडेच बंद होतात? चिकलठाण्याच्या वसाहतीत रोज नवा भोंगा ऐकू यायचा. ज्या रानात पूर्वी ज्वारी उभी असायची, तिथं आता औषधांच्या गोळ्या आणि स्कूटरचे भाग तयार व्हायचे. वस्तीतल्या बाया तिथं पॅकिंगला जायच्या. गेल्या वैशाखात लीलाबाई आपल्या दोन पोरांना घरात ठेवून, बाहेरून कुलूप लावून कामाला गेली. दुसरं करणार तरी काय? दुपारी पोरांचा आवाज बंद झाला, तेव्हा शेजारणींनी खिडकीच्या गजांतून तांब्या-तांब्यानं पाणी ओतलं. पोरं वाचली.

हे वच्छलाबाईंच्या मनातून जात नव्हतं. त्यातच वरच्या ऑफिसातून पत्र आलं होतं: यंदा पुन्हा तीन महिने बालवाडी बंद राहिली, तर ती कायमची बंद करण्यात येईल.

म्हणून वस्तीसाठी एक सार्वजनिक इमारत होणार, हे कळलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला. जागा तात्यासाहेबांनी दिली होती. तात्यासाहेबांची बहुतेक जमीन कारखान्यांत गेली होती. उरला होता तो रस्ता आणि जुनी दगडाची खदान यांच्यामधला एक खडकाळ तुकडा. "घ्या वस्तीला," ते म्हणाले होते. "म्हाताऱ्यांना बसायला, पोरांना खेळायला, बायांना भजनाला. सगळ्यांचं एकच घर."

माघाच्या शेवटी त्या तुकड्यावरच पहिली बैठक झाली. सरकारी इंजिनिअर नकाशा घेऊन आला होता. पंचविशीतला, नवा शर्ट, नवं पेन. त्यानं नकाशा दगडावर पसरला. लांबट हॉल, वर पत्रे, रस्त्याकडं दार.

नकाशा कुणी पाहिलाच नाही. पहिलं भांडण निघालं ते नावावरून.

तात्यासाहेबांना आपल्या वडलांचं नाव हवं होतं. खदानीलगतच्या गल्लीतली बौद्ध समाजाची पोरं म्हणाली, बाबासाहेबांचं नाव द्या. ते दिवसच तसे होते. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन दहा वर्षं होत आली होती आणि नाव अजून बदललं नव्हतं. मोर्चे निघत होते, लाठ्या चालत होत्या, आणि औरंगाबादेत कुठल्याही चहाच्या टपरीवर 'नाव' हा शब्द निघाला की लोक आधी आजूबाजूला कोण बसलंय ते बघायचे.

"नावाचं नंतर बघू की," वच्छलाबाई म्हणाल्या. "आधी भिंती तर उभ्या राहू द्या."

पुंजाराम मिस्त्री खाली बसून काडीनं मातीत रेघा ओढत होता. गवंडी म्हणून त्याचा हात दहा वस्त्यांत नावाजलेला. नामांतराच्या दंगलीत गावाकडचं त्याचं घर जाळलं, तेव्हा तो म्हाताऱ्या आईला, कडूबाईला, घेऊन इथं आला होता. त्यानं मान वर केली.

"बाई, नावाचं नंतर बघू, हे आमी धा वर्षं ऐकायलोत."

वच्छलाबाई त्याच्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. नावाची बैठक वेगळी घ्या, पण घ्याच. आज मला दुसरंच एक विचारायचंय." त्या इंजिनिअरकडं वळल्या. "साहेब, चैत्रातल्या दुपारी ह्या हॉलमध्ये किती उकडेल?"

इंजिनिअर हसला. मग बाई खरंच विचारतायत हे बघून हसायचा थांबला. "ते नकाशात नसतं, बाई."

"मग कशात असतं?"

"म्हणजे... माहीत नाही. मला कुणी कधी विचारलंच नाही."

"मेंढरास्नी माहीत असतं," मागून आवाज आला.

मल्हारीबाबा होता तो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. वस्तीत मेंढरं राखणारा शेवटचा माणूस. दोन्ही लेक कंपनीत लागले होते. त्याच्याकडं चाळीसेक मेंढरं आणि एक नवसाचा मेंढा उरला होता.

लोक हसले. "बाबा, तुमचं मेंढरू इंजिनिअर झालं का काय?"

"हसा. पर नव्या रानात गेलो, की म्या कधी बसाय जागा हुडकली नाय. मेंढरं सोडायची आन् बगत ऱ्हायाचं. जिथं ती बसली, तिथं म्या घोंगडी टाकली."

तात्यासाहेब मात्र हसले नाहीत. त्यांच्या लहानपणी मल्हारीचा बाप दरवर्षी त्यांच्या रानात मेंढरं बसवायचा. रात्र-रात्र मेंढरं शेतात बसवली, की लेंडीखतानं ज्वारी जोमानं येते. त्यासाठी शेतकरी धनगराला मानानं बोलवायचे. आता रानंच राहिली नव्हती, तर बोलावणार कोण?

"बाबा म्हणतो त्यात दम आहे," तात्यासाहेब म्हणाले. "बघा ना. मेंढराच्या अंगावर जन्माची घोंगडी. त्याला थंडीचं काय? ते शोधणार गारवाच. जिथं मेंढरं बसतील, ती जागा थंड. सरळ हिशेब आहे."

इंजिनिअरनंही मान हलवली. कुठल्या पुस्तकात हे वाचलं नव्हतं, म्हणूनच त्याला ते आवडलं असावं. ठरलं: तीन दिवस मेंढरं ह्या तुकड्यावर सोडायची आणि ती जिथं बसतील तिथं इमारत.

ते तीन दिवस बालवाडीतल्या पोरांच्या जन्मभर लक्षात राहावेत असे गेले. वच्छलाबाईंनी खोलीला कडी घातली आणि पोरांना घेऊन रोज तिथं जाऊन बसल्या. प्रत्येकाला ओंजळभर खडे दिले. मेंढरू जिथं बसेल आणि रवंथ करायला लागेल, तिथं ते उठल्यावर एक खडा ठेवायचा.

"उभं असलं तर?" एकानं विचारलं.

"उभं असेल तर नाही."

"मुतत असलं तर?"

"तर जरा लांब उभा राहा."

त्या आठवड्यात जाता-जाता थंडी पुन्हा फिरून आली होती. उत्तरेकडून बोचरा वारा सुटला होता. मेंढरं सकाळी थोडी हिंडली आणि रस्त्याकडंला तात्यासाहेबांच्या गोठ्याची जी पडकी भिंत होती, तिच्या पायथ्याशी एकमेकांना चिकटून बसली. दुसऱ्या दिवशीही तिथंच, तिसऱ्या दिवशीही तिथंच. भिंतीपाशी खड्यांचा ढीग झाला. फक्त नवसाचा मेंढा निराळा बसायचा. तिकडं खदानीच्या काठावर, एका वाकड्या बाभळीजवळ, वाऱ्याकडं तोंड करून. मल्हारीबाबाची नात बानू रोज इमानानं तिथं एक खडा ठेवून यायची.

"ह्याचं बायकांशी पटत नाही वाटतं," तात्यासाहेब मेंढ्याकडं बघून म्हणाले, आणि पुन्हा एकदा हशा पिकला.

तात्यासाहेब खुशीत होते. पडकी भिंत रस्त्यालगत होती. म्हणजे इमारत रस्त्याला लागून, दार रस्त्यावर. इंजिनिअरही खूश, कारण नकाशा फारसा बदलायचा नव्हता. चुन्याची फक्की टाकून चौकोन आखला गेला. सोमवारी नारळ फोडून कुदळ मारायची ठरली.

शनिवारी वच्छलाबाईंनी पोरांना लोकर दाखवली. मल्हारीबाबाच्या घरून मूठभर मागून आणली होती. "घोंगडी कशाची करतात?" हा त्या दिवशीचा धडा होता. लोकर हातोहात फिरली. कुणी गालाला लावली, कुणी वास घेऊन नाक मुरडलं. एकीनं ती डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "म्या म्हातारी."

"किती ऊब आहे बघा," वच्छलाबाई म्हणाल्या. "मेंढीच्या अंगावर ही असते, म्हणून तिला थंडी वाजत नाही."

"वाजती," बानू म्हणाली.

"कशी वाजेल? अंगावर लोकर असते ना?"

"आता कुटं हाय? ही काय तुमच्या हातात हाय." बानूनं लोकरीकडं बोट दाखवलं. "आबानं समद्यांची कातरली. आट दिस झाले. लई कुडकुडत्यात. आबा म्हनतो, कातरल्यावर मेंढरू आडोसा सोडत नाय."

वच्छलाबाई लोकर हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

तीन दिवस ती मेंढरं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. अंग उघडं, कातरीच्या रेघा स्पष्ट दिसणाऱ्या. सगळ्या वस्तीनं पाहिलं होतं, सगळ्या वस्तीनं खडे मोजले होते. त्या मेंढरांनी गारवा शोधला नव्हता. त्यांनी वारा टाळला होता. जिथं वारा मुळीच येत नाही, अशी सबंध तुकड्यातली एकमेव जागा त्यांनी दाखवली होती, आणि तिथं आता पोरांसाठी इमारत बांधायची होती.

"आणि तो मेंढा?" त्यांनी विचारलं. "त्याला नाही कातरला?"

"नवसाचा हाय की, बाई. जत्रंपातूर त्याला कातर लावत नसत्यात आमच्यात."

म्हणजे अंगावर लोकर असलेलं एकच जनावर होतं, आणि तेच वाऱ्यात जाऊन बसलं होतं. पोरांना सोडून वच्छलाबाई थेट मल्हारीबाबाच्या घरी गेल्या. तो अंगणात वाघराला, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळ्याला, गाठी मारत बसला होता.

"बाबा, मेंढरं कातरलेली होती."

"व्हय."

"म्हणजे ती थंडीमुळं भिंतीला बसली होती."

"मंग? आनिक कामून बसतील?"

"अहो, मग बोलला का नाहीत?"

मल्हारीबाबानं गाठ आवळली. "तुमी काय इचारलं? मेंढरं कुटं बसत्यात. ते बगितलं. कामून बसत्यात, ते कुनी इचारलं का?"

वच्छलाबाई खाली अंगणातच बसल्या. राग यायला हवा होता, पण आला नाही. कारण त्या स्वतःही पोरांना 'कुठं' एवढंच विचारायला लावत होत्या. का, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

मल्हारीबाबानं जाळं बाजूला ठेवलं. आवाज उतरला होता. "खरं सांगू का? लई वर्सांनी कुनीतरी मेंढरं बसवाय बोलावलं, बाई. समदे खूश झाले. म्हनलं, कशाला आता मधी बोला."

तिथून निघून त्या खदानीच्या काठावर गेल्या, बाभळीजवळ. खाली खदानीत पावसाचं साठलेलं पाणी होतं. वारा त्या पाण्यावरून वर चढत होता आणि पदर उडवत होता. थंडीच्या दिवसांत तो बोचत होता. चैत्रात कसा लागेल?

बाभळीपलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी पुंजाराम थापी आणि ओळंबा धूत बसला होता. तो जवळ आला.

"हवा बघायलात का, बाई? उन्हाळ्याचं या. समदी गल्ली दुपारची हितंच आसती. माझी माय तर जेवली की हितं."

"तुम्हाला माहीत होतं? मग बैठकीत का नाही सांगितलं?"

पुंजाराम हसला, पण ते हसू खरं नव्हतं. "मी सांगितलं आसतं तर काय म्हनले आसते? मिस्त्री आपल्या दाराकडं वढायलाय."

वच्छलाबाई घरी आल्या, पण त्यांना चैन पडेना. दोन दिवस त्या हे मनाशी घोळवत राहिल्या. न बोलावं तर सोमवारी इमारत सुरू होईल, सगळे हसतमुख असतील, आणि बालवाडी एका भट्टीतून दुसऱ्या भट्टीत जाईल. होळीला कुलूप आणि मग कायमचं कुलूप. बोलावं तर तात्यासाहेब बिथरतील. जागा त्यांची. ती परत घेतली तर भट्टीसुद्धा नाही.

सोमवारी नारळ आला, हळदकुंकू आलं, तात्यासाहेबांची ऐंशी वर्षांची आई द्वारकाबाई खुर्चीवर येऊन बसली. पुंजारामनं दोरी लावली. तात्यासाहेबांनी कुदळ उचलली.

"थांबा," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि सगळं सांगून टाकलं.

तात्यासाहेबांचा चेहरा लाल झाला. "बाई, मेंढरांनी सांगितलं म्हणून आपण सगळ्यांनी मानलं. आता मेंढरं खोटी?"

"मेंढरं खरी आहेत, तात्यासाहेब. आपण त्यांना अर्धाच प्रश्न विचारला."

"आणि एका मेंढ्याच्या शब्दावर खदानीला जायचं? उद्या मेंढा म्हणेल, खदानीत बांधा."

लोक हसले. तात्यासाहेब मात्र जवळ येऊन हळूच म्हणाले, "आणि बाई, तिकडं बांधलं म्हणजे दार कुठं येतं, कळतं का? त्यांच्या गल्लीत."

हळूच म्हणाले, पण पुंजारामला ऐकू गेलं. त्यानं दोरी गुंडाळली आणि खिशात घातली.

वच्छलाबाईंनी ते पाहिलं. "कळतं," त्या मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "दार तिकडं येईल. पण मला एवढंच कळतं की लीलाबाईची पोरं मी पुन्हा कुलपात बघू शकत नाही. मला एक दुपार द्या. उन्हाची. मेंढरं नको, ह्या वेळी आपण माणसंच बसू. इथंही आणि तिथंही. सावली दोन्हीकडं सारखी करू."

तात्यासाहेबांनी कुदळ खाली ठेवली. "ठीक. पाडव्याच्या आधीचा रविवार. पण तिकडं जर कुणी टिकलं नाही, तर त्याच दिवशी इथं कुदळ पडेल."

"आणि टिकलं तर?"

"टिकलं तर बघू," तात्यासाहेब म्हणाले, आणि 'बघू' म्हणजे काय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

होळी झाली, रंगपंचमी झाली, आणि ऊन असं तापलं की डांबरी रस्त्यावर चपला चिकटू लागल्या. वच्छलाबाईंनी यंदा कुलूप लावलं नव्हतं. दहापर्यंत कशीबशी पोरं बसवायच्या आणि मग घरोघर सोडून यायच्या. वरच्या ऑफिसला अजून उत्तर लिहिलं नव्हतं. लिहिणार काय?

ठरलेल्या रविवारी मल्हारीबाबानं आपली पालं आणली. मेंढरांमागं हिंडताना धनगर जे कापडाचे तंबू ठोकतात, ती. एक पाल भिंतीपाशी ठोकलं, एक खदानीच्या काठावर. इंजिनिअर सुट्टी असून आला होता. एका कंपनीतल्या मित्राकडून तो दोन थर्मामीटर मागून घेऊन आला होता आणि त्यानं दोन्ही पालांत एकेक टांगलं. पोरं भोवती जमली.

"बाई, पालाला ताप आलाय का?"

"बघू या आलाय का ते."

बारा वाजता भिंतीपाशी तात्यासाहेब, त्यांची माणसं आणि द्वारकाबाई बसली. काठावर कडूबाई, लीलाबाई, गल्लीतल्या बाया आणि बालवाडीची पोरं. एक वाजला. इंजिनिअर दोन्हीकडं फिरून आला आणि डोकं खाजवत म्हणाला, "फरक फार नाही. दोन अंश."

"बघा!" तात्यासाहेब म्हणाले. अंगातला सदरा घामानं पाठीला चिकटला होता. "दोन अंशांसाठी एवढं नाटक?"

"पण साहेब, अंगाला वारा लागतो, ते ह्यात दिसत नाही," इंजिनिअर म्हणाला. "पारा फक्त हवा किती तापली ते सांगतो. माणसाला कसं वाटतं ते नाही सांगत."

"मग ते कोण सांगणार?"

दीडच्या सुमाराला द्वारकाबाईनं काठी शोधली.

"माय, काय पाहिजे?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"काय नको. जीव घाबरा व्हायलाय हितं." आणि ती उठली. काठी टेकत टेकत, फक्कीची पांढरी रेघ ओलांडून, ती उन्हातून सरळ खदानीच्या काठाकडं चालू लागली. मधे पायरीएवढा एक खडक आडवा होता. तिथं ती अडली. पुंजाराम धावला, पण हात धरावा की न धरावा म्हणून थबकला. द्वारकाबाईनंच त्याचा दंड धरला आणि खडक ओलांडला.

पालात कडूबाई वाकळ पसरून लवंडली होती. द्वारकाबाई तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"सरक गं जरा."

कडूबाईनं आधी तिच्याकडं पाहिलं, मग लांब भिंतीपाशी उभ्या असलेल्या तिच्या लेकाकडं. मग ती सरकली. द्वारकाबाई वाकळीवर आडवी झाली, पदर तोंडावर घेतला आणि दोन मिनिटांत घोरायला लागली.

वच्छलाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. पोरं गप्प झाली. वाऱ्यानं पालाचं कापड फुगत होतं आणि बसत होतं.

तात्यासाहेबांनी लांबूनच हाक मारली. म्हातारी हलली नाही. मग ते स्वतः आले. आईला उठवायला वाकले, तेवढ्यात मल्हारीबाबा म्हणाला, "बसल्यालं मेंढरू उठवत नसत्यात, सायब."

तात्यासाहेबांनी वळून त्याच्याकडं रोखून पाहिलं. कुणी आपल्या आईला मेंढरू म्हणावं! पण मग त्यांची नजर आईकडं गेली. तोंडावरचा पदर श्वासाबरोबर वरखाली होत होता. त्यांना हसू आवरेना. "महिनाभर दुपारची झोप नाही तिला," ते म्हणाले, आणि ती उठेपर्यंत थांबायला म्हणून तिथल्या एका दगडावर बसले.

तासभर बसले. सदरा पाठीपासून सुटला. वच्छलाबाई मुद्दामच काही बोलल्या नाहीत. पोरं उत्तराच्या जवळ आली की आपण गप्प बसायचं असतं, हे त्यांना तीस वर्षांच्या अनुभवानं शिकवलं होतं.

"मिस्त्री," तात्यासाहेब शेवटी म्हणाले. "इथं बांधायचं तर पत्रे नको ना?"

पुंजाराम जरा लांबच बसला होता. "पत्रा नको. ह्याच खदानीचा दगड घ्यायचा, भिंत हातभर जाड. वर माळवद. लाकूड, त्यावर लिंबाचा पाला, त्यावर पांढरी माती. आमच्या गावाकडं तसलंच घर व्हतं." तो क्षणभर थांबला. "छताचं पाणी खदानीत सोडायचं. पाणी राहिलं की हवा राहील."

"माळवद दर पावसाळ्याआधी लिंपावं लागतं," इंजिनिअर म्हणाला. तो वहीत भराभरा लिहीत होता.

"लिंपू की. पोरंबी लिंपतील. चिखलात खेळाय कुनाला आवडत नाय?"

"आणि दार रस्त्याकडं," तात्यासाहेब म्हणाले. "मोठं. तुमच्याकडं एक लहान ठेवू. म्हणजे दोन्ही झालं."

वच्छलाबाईंनी पुंजारामकडं पाहिलं. तो उठून उभा राहिला होता.

"दोनी सारखी," तो म्हणाला. "रुंदी सारखी, उंची सारखी, वटा सारखा. नायतर मिस्त्री दुसरा बघा."

"खरं म्हणजे ते बरोबर आहे," इंजिनिअर घाईघाईनं म्हणाला. "वारा आरपार जायचा तर दोन्हीकडची वाट सारखीच हवी. तांत्रिक दृष्टीनं..."

"वाऱ्यासाठी नाय, सायब," पुंजाराम म्हणाला. "वाऱ्यासाठी आसतं तर मी खिडकी मागितली आसती."

तात्यासाहेब खदानीतल्या पाण्याकडं बघत राहिले. पलीकडच्या कारखान्याचा भोंगा वाजला. द्वारकाबाई जागी झाली, उठून बसली, आणि आपण कुठं आहोत ते बघितलं. कडूबाई शेजारी पान लावत होती. तिनं दुसरं पान लावून पुढं धरलं. द्वारकाबाईनं ते घेतलं आणि दाढेखाली ठेवलं.

"सारखी घ्या," तात्यासाहेब म्हणाले. कुणाकडं न बघता म्हणाले. "पण नावाचं अजून ठरलेलं नाही, हे लक्षात ठेवा."

"आमच्याबी लक्षात हाय," पुंजाराम म्हणाला, आणि त्यानं खिशातून दोरी काढली.

मग मोजणी सुरू झाली, आणि ती सगळ्यांत गमतीची होती. पुंजाराम द्वारकाबाईपुढं उकिडवा बसला. "आजी, पाय किती उचलतो? उचला बघू." म्हातारीनं पाय उचलला. "चार बोटं," त्यानं मोजलं आणि दोरीला गाठ मारली, पायरी तेवढीच. बानू उभी राहिली, तिच्या डोळ्यांपाशी दुसरी गाठ. खिडकी तिथून सुरू. तात्यासाहेबांना दगडावर बसवून तिसरी, टेकायच्या ओट्याची. "मलाबी मोजा, मलाबी," म्हणून पोरांनी रांग लावली, आणि दोरीला इतक्या गाठी झाल्या की कुठली कशाची ते लिहून घेताना इंजिनिअरचं पान संपलं.

इमारतीला वर्ष तरी लागणार होतं. वच्छलाबाईंना तेवढं थांबता येणार नव्हतं. त्या मल्हारीबाबाकडं वळल्या. "बाबा, हे पाल मृगापर्यंत इथंच राहिलं तर चालेल?"

"माझी मेंढरं कुटं बसतील?"

"शेजारीच. खडे ठेवायला पोरं आहेतच."

मल्हारीबाबानं काठीनं पालाचा एक खुंट आणखी आत ठोकला. तेच त्याचं उत्तर होतं.

त्या संध्याकाळी वच्छलाबाईंनी वरच्या ऑफिसच्या पत्राला उत्तर लिहिलं. बालवाडी उन्हाळ्यात बंद राहणार नाही. ती जुन्या खदानीच्या काठावर, बाभळीशेजारी भरेल. तपासणीला केव्हाही यावं. शक्यतो दुपारी एक वाजता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाट्या, खडू आणि लोकरीची मूठ उचलून पालात नेली. कामावर जाणाऱ्या लीलाबाईनं दोन्ही पोरं दाराशी, म्हणजे पालाच्या तोंडाशी, सोडली. जाताना दोनदा वळून पाहिलं. पोरांनी तिच्याकडं पाहिलंच नाही. दोघं वाऱ्याकडं तोंड करून बसलेल्या मेंढ्याकडं बघत होती, आणि धाकटा वच्छलाबाईंचा पदर ओढून विचारत होता, "बाई, तो हितंच कामून बसलाय?"